तुंबडी

पुण्यात कुणाला ‘मी येरवड्याला असतो’ म्हटलं, की समोरचा क्षणभर गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, “आत की बाहेर?” आमच्याकडे तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे ‘आत’ म्हणजे नक्की कुठे, हा पुढचा प्रश्न तो गिळतो. तर मी बाहेर असतो. बँकेत कारकून आहे. गेल्या वर्षी उजवा खांदा जखडला.

खांदा जखडला म्हणजे शर्टाची बाही चढेना, बसमधली दांडी धरवेना आणि सही जुळेना. यातली तिसरी गोष्ट भयंकर. एकवीस वर्षं मी लोकांना “काका, सही जुळत नाही” असं सांगत आलो आणि आता माझाच चेक शेजारच्या खिडकीतून परत आला. “तुमचीच आहे हो, पण तुमच्यासारखी नाही,” सहकारी म्हणाला. नियमाने त्याचं बरोबरच होतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. कारकुनाचा हात गेला तर राहतं काय?

गोळ्या, शेक, भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम, सगळं झालं. अखेर सौभाग्यवतींनी गाडीतळाजवळच्या एका ॲक्युपंक्चरवाल्या डॉक्टरांकडे नेलं.

सुया केसासारख्या बारीक. टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं आणि मग आतून एक जडपणा पसरतो. खांदा दुखत असताना सुई गुडघ्याखाली का, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, “तिथून वाट जाते.” आमच्याकडेही कर्ज येरवड्याच्या शाखेतून आणि मंजुरी भलतीकडून, तेव्हा मी पुढे बोललो नाही.

अर्धा तास साळिंदरासारखं पडून राहायचं. करायला काही नसलं की माणूस इतिहासाकडे वळतो. चिनी सुई म्हटली की मराठी माणसाला आठवतात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. चोळकर नागपूरचे. कोटणीस तिथेच राहिले, तिथेच लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच गेले. शांतारामबापूंनी १९४६ साली त्यांच्यावर चित्रपट काढला. पण कोटणीस होते शस्त्रवैद्य. सुयांचं काम त्यांचं नव्हे. सुया आणल्या त्यांच्या सोबत्याने, डॉ. विजयकुमार बसूंनी. ते १९५८ साली पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात रुग्णांना टोचू लागले. म्हणजे माझ्या खांद्यातली सुई व्हाया कलकत्ता आली म्हणायची.

अमेरिकेला मात्र सुई कळायला एक अपेंडिक्स लागलं. जेम्स रेस्टन हे न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार १९७१ च्या जुलैत पेकिंगला गेले असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. ऑपरेशन भुलीचं इंजेक्शन देऊनच झालं. सुया टोचल्या त्या नंतर, पोटाच्या त्रासावर. पण त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि जगभर सुयांचा बोलबाला झाला. आता अपेंडिक्सचाच विषय निघाला तर आमचं येरवडाही मागे नाही. इथले कैदी महात्मा गांधी यांचं अपेंडिक्स १२ जानेवारी १९२४ रोजी ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी काढलं. मध्येच वीज गेली आणि ऑपरेशन कंदिलावर पुरं झालं. पुण्यात वीज जाण्याला केवढी परंपरा आहे पाहा!

चौथ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, “आज कपिंग करू.” काचेच्या पेल्यात स्पिरिटचा पेटता बोळा फिरवला आणि पेला पाठीवर चिकटवला. आतली हवा निवताना आकसते, कातडी वर ओढली जाते. असे सहा पेले. पाठीत कुणीतरी सहा ठिकाणी चिमटे धरून बसलंय आणि सोडायचं विसरलंय, असं वाटतं.

घरी आलो. आईने पाठीवरचे जांभळे रुपये पाहिले आणि म्हणाली, “अगोबाई, तुंबडी लावलीस होय!”

मी गार. शब्द मला माहीत होता, पण ‘स्वतःची तुंबडी भरणे’ याच अर्थाने. आमच्या धंद्यात दुसरा अर्थ नाही. आई सांगू लागली. तिच्या लहानपणी गावात तुंबडीवाली यायची. आजीची पाठ धरली की पाठीवर शिंग लावून तोंडाने ओढायची. पैसे पावली. मी पुस्तक काढून पाहिलं, तर सुश्रुताने तिन्ही साधनं लिहून ठेवलेली: वाताला गाईचं शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा. त्या भोपळ्याच्या आतही दिवा पेटवायचा. भोपळ्याची काच झाली आणि पावलीचे आठशे रुपये झाले, एवढाच फरक. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर हेच डाग झळकले, तेव्हा जगाला ही नवीच विद्या वाटली.

खांदा? सुटला. सात महिन्यांनी. हाडांचे डॉक्टर म्हणाले, “हा आजार पुष्कळदा आपोआपच जातो.” सुयावाले म्हणाले, “बघा, मी म्हणालो नव्हतो?” बायको म्हणते, तिने केलेल्या नवसाने. मी कॉमर्सचा माणूस. जमा कोणाच्या नावे टाकायची ते ठरेना, म्हणून रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवली आहे. सही मात्र जुनी आली नाही. नव्या सहीचा नमुना बँकेत दिला, आणि तो तपासायला आला माझ्याच टेबलावर. मी तो शेजारच्या खिडकीकडे सरकवला.