वंडरवॉल आणि मुंबईचे वादक

परदेशी संगीताने हिंदी संगीतापासून काय घेतले, ह्याची चर्चा आपल्याकडे बहुधा सतारीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. आम्हांला आज थोडे पुढे जावयाचे आहे. त्यासाठी पापडीकर श्रोत्यांना लंडनला नेण्याचे कारण नाही. वसई रोडला गाडी पकडून चर्चगेटला उतरावे आणि फोर्टातील फिरोजशहा मेहता रस्ता गाठावा, एवढे पुरे.

तेथील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात १९६८ च्या जानेवारीत बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन आला. त्याला 'वंडरवॉल' ह्या चित्रपटासाठी संगीत हवे होते. लंडनमध्ये १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'पासून बीटल्सनी यंत्रांशी खेळ मांडला होता. फीत उलटी फिरवावयाची, तिच्या तुकड्यांची वेटोळी करावयाची, गाणाऱ्याचा आवाज फिरत्या ध्वनिक्षेपकातून काढावयाचा! 'सायकेडेलिक' म्हणून गाजलेले संगीत अशा खटपटींतून घडले.

मुंबईत ती सामग्री नव्हती. दोन पट्ट्यांवर मुद्रण करणारे यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणवले गेले. रस्त्यावरील मोटारींचा आवाज आत येई आणि कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरील पावलांपायी काम थांबवावे लागे, असे हॅरिसननेच पुढे सांगितले आहे.

मग प्रयोग साधला कशाने? आमच्या मते, वादकांच्या तयारीने. आशिष खाँ सरोदवर, महापुरुष मिश्र तबल्यावर, शिवकुमार शर्मा संतूरवर आणि हरिप्रसाद चौरसिया बासरीवर होते. ह्यांतील शेवटच्या दोघांनी ब्रिजभूषण काबरा ह्यांच्या गिटारीसह 'कॉल ऑफ द व्हॅली'त मेंढपाळाचा एक दिवस रागांतून उभा केला होता. एका कल्पनेभोवती सबंध तबकडी गुंफणे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

लंडनमध्ये केलेल्या भागांची जोड मिळून 'वंडरवॉल म्युझिक' त्याच वर्षी नोव्हेंबरात निघाली. मुंबईच्या त्याच बैठकींत 'द इनर लाइट'चे वाद्यसंगीतही झाले. त्यावर हॅरिसनचा आवाज फेब्रुवारीत लंडनला चढला. मार्चमध्ये हे गीत 'लेडी मॅडोना'च्या मागील बाजूस आले, तेव्हा लेबलावर मुंबईच्या एकाही वादकाचे नाव नव्हते.

आपल्या भजनातील पेटी मूळची युरोपातली. ती आपण इतकी आपली केली की तिचे माहेर विसरलो. तिकडच्यांनी आपले वादक विसरावेत, ह्याचे म्हणूनच आम्हांला फारसे नवल वाटत नाही. पण आपणही ते विसरावेत, हे मात्र बरे नव्हे.