हायब्रिड इंजिनाचे हौशी अग्निबाण

घन इंधन आणि द्रवरूप ऑक्सिडीकारक वेगवेगळे ठेवणाऱ्या अग्निबाण इंजिनाला संकरित, अर्थात हायब्रिड इंजिन असे म्हणतात. अमेरिकेत १६० न्यूटन-सेकंदांहून अधिक एकूण आवेगाची इंजिने उच्च शक्तीची मानली जातात. ती वापरण्यासाठी हौशी अग्निबाणकर्त्यांना त्यांच्या संघटनेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते.

या इंजिनात बहुधा रबर किंवा प्लॅस्टिकचे पोकळ नळकांडे इंधन म्हणून, तर नायट्रस ऑक्साइड ऑक्सिडीकारक म्हणून वापरण्यात येते. २० अंश सेल्सिअसला त्याचा बाष्पदाब सुमारे ५० बार असल्याने पंपाची गरज भासत नाही. अग्निबाण रिकाम्या टाकीसह मंचावर उभारण्यात येतो आणि सर्वजण दूर गेल्यावरच ती भरली जाते.

गुरुत्वमध्य दाबकेंद्राच्या पुढे, किमान अग्निबाणाच्या व्यासाएवढ्या अंतरावर असावा लागतो. टाकी रिकामी होताना तो सरकतो. म्हणून भरलेल्या आणि रिकाम्या, अशा दोन्ही स्थितींचे गणित मांडणे आवश्यक ठरते.

जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनमधून सोडलेल्या हायब्रिड अग्निबाणाने ६४ किलोमीटरहून अधिक उंची गाठली.

तथापि, नायट्रस ऑक्साइड निर्धोक नाही. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील मोहावी इथे, इंजिन न पेटवता घेतलेल्या प्रवाहचाचणीत स्फोट होऊन तिघांचा मृत्यू झाला. त्यामुळे टाकी आणि नळ्यांमध्ये तेलाचा अंशही राहू न देणे, तसेच टाकी भरताना सुरक्षित अंतर पाळणे अत्यावश्यक मानले जाते.