राजदूत 350 आणि तिचे दुसरे धनी

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने 1983 साली ‘राजदूत 350’ ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिला दिलेल्या नावापासूनच तिच्यावरील अन्यायाला आरंभ झाला. कारण राजदूत म्हटले की पोलंडच्या एसएचएल गाडीवरून बेतलेली, दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवून खेडोपाडीच्या रस्त्यांनी निमूटपणे चालणारी 175 सीसीची सोशीक गाडी लोकांच्या डोळ्यांसमोर उभी राही, आणि ही नवी गाडी तर सर्वस्वी निराळ्या, शर्यतीच्या कुळातली होती.

जागतिक शर्यतींच्या 250 सीसी वर्गात 1970 पासून दोनपेक्षा अधिक सिलिंडर आणि सहापेक्षा अधिक गिअर वापरण्यास मनाई झाली, तेव्हा जपानच्या यामाहा कंपनीने आपली खर्चिक चार सिलिंडरांची यंत्रे बाजूस सारून, सामान्य ग्राहकाला विकल्या जाणाऱ्या दोन सिलिंडरांच्या टू-स्ट्रोक गाड्यांशी जवळचे नाते असलेली यंत्रे शर्यतीत उतरविली. अमेरिकेतील डेटोना येथील दोनशे मैलांची शर्यत 1972 साली डॉन एम्डे याने दुपटीहून मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागे टाकून जिंकली, ती अशाच एका 350 सीसीच्या यामाहावर. पुढल्याच वर्षी रस्त्यावरच्या ग्राहकासाठी आरडी 350 ही गाडी निघाली. 347 सीसी, सहा गिअर, 39 अश्वशक्ती, आणि पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक.

या इंजिनाचे वैशिष्ट्य म्हणजे त्याची रीड व्हॉल्व्ह. कार्बुरेटर आणि क्रँककेस यांच्यामध्ये पोलादाच्या पातळ, लवचिक पट्ट्या बसविलेल्या असतात. आतून ओढ लागली की त्या उघडतात, उलट दाब आला की मिटतात, आणि आत घेतलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण माघारी फिरत नाही. आपल्या संगीत नाटकांच्या पायपेटीत भात्याच्या हवेने धातूची जीभ थरथरते, तिचीच ही जरा रांगडी बहीण. आणि ज्या उद्योगातून यामाहाची मोटारसायकल कंपनी 1955 साली वेगळी झाली, त्याचा प्रारंभ एकोणिसाव्या शतकात रीड ऑर्गन बनविण्यापासूनच झाला होता, हा योगायोग मला नेहमीच मौजेचा वाटत आला आहे.

राजदूत 350 म्हणून भारतात येताना मात्र या कुलवंत गाडीची छाटणी झाली. शक्ती 30.5 अश्वशक्तीवर आणली गेली, नंतर इंधनाची बचत व्हावी म्हणून 27 वर उतरविली गेली. पहिलीला एचटी आणि दुसरीला एलटी म्हणण्याचा शिरस्ता पडला. किंमत आवाक्यात ठेवण्यासाठी डिस्क ब्रेक काढून ड्रम बसविला, म्हणजे धावण्यापेक्षा थांबण्यातच काटकसर अधिक झाली. इतके करूनही किंमत 18,000 रुपयांच्या आसपास गेली, आणि गाडी पेट्रोल पिण्यात यत्किंचितही कसर ठेवीना. तशात 1984-85 मध्ये 100 सीसीच्या जपानी गाड्या आल्या, त्यांनी मध्यमवर्गाला ॲव्हरेजचे गणित शिकविले, आणि ते दशक संपता संपता राजदूत 350 चे उत्पादन थांबले.

कंपनीच्या दप्तरी हे प्रकरण येथे मिटले. माझ्या मते या गाडीचा खरा इतिहास येथून पुढे सुरू होतो. पहिल्या धन्याने हौसेने घेतलेली आणि लग्नानंतर, किंवा एखाद्या अपघातानंतर वडिलांच्या हुकुमाने, विकावयास काढलेली ही गाडी नव्वदीच्या दशकात मातीमोलाने मिळे. आणि ती घेणारे कॉलेजातले विद्यार्थी, गॅरेजमधले मिस्त्री आणि मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवरील शर्यतींच्या कथा ऐकून झपाटलेले तरुण हेच तिचे खरे कदरदान ठरले. त्यांनी घेण्यापूर्वी गाडी पारखण्याची एक पद्धतच सिद्ध केली. इंजिन आधीच तापवून ठेवलेले असेल तर जाणता गिऱ्हाईक ते थंड होईपर्यंत चहा घेत थांबे. मग किक मारून उजव्या सायलेन्सरकडे बघे. तिथून दाट पांढरा धूर थांबता थांबेना, तर क्लचकडचे ऑईल सील गेले असून गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जात आहे, असे तो ओळखी. डावीकडचे सील गेलेले असेल तर धूर दिसत नसे, पण बाहेरची हवा आत शिरून गाडी आपोआप रेस होई. हा दोष अधिक घातक, कारण मिश्रण पातळ पडून पिस्टन तापे आणि भर वेगात इंजिन सीझ होई. किती वेळा बोअर केले, या प्रश्नाला विकणारा जे उत्तर देई त्यात एक मिळविण्याचा प्रघात होता. दोन सिलिंडरांना दोन पॉइंट आणि दोन कार्बुरेटर, त्यांचा मेळ बसविणारा मिस्त्री हाताशी असल्याखेरीज शहाणा माणूस बयाणा देत नसे. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठेतील दुकाने पालथी घालावयाची, आणि तिथे निराशा झाली तर रविवारची किंवा बुधवारची वाट पाहून जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या भंगारात हात घालावयाचा.

आता मामला फिरला आहे. नीट राखलेल्या गाडीला लाखांनी पैसे मोजणारे शौकीन निघाले, आणि किमतीपाठोपाठ लबाडीही आली. एलटीचे इंजिन एचटी म्हणून खपविणे, चेसिसवरचा क्रमांक घासून पुन्हा ठोकणे, मूळ मालक हयात नसताना हस्तांतराच्या फॉर्मवर त्याची सही हजर करणे. म्हणून हल्ली धूर पाहण्याआधी नोंदणीपुस्तिकेची रुजुवात करावी लागते. पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर फेरनोंदणी झाली आहे काय, हे आरटीओच्या नोंदींवरून ताडून पाहावे लागते. गॅरेजमधल्या ज्या मिस्त्रींनी पडत्या काळात ही गाडी जिवंत ठेवली, त्यांच्या ऐपतीबाहेर ती केव्हाच गेली.

नव्या शौकिनांत ‘अस्सलपणा’ची एक सनातनी शाखा आहे. पुढच्या चाकाला कोणी डिस्क बसविली की गाडी बाटली, असा तिचा निवाडा असतो. पण तो ड्रम फरिदाबादच्या हिशेबनिसाने बसविलेला आहे. यामाहाने 1973 साली डिस्कच दिली होती. घाट उतरताना ज्याला तो ड्रम जिवापाड दाबून धरावा लागला आहे, त्याने आपल्या गाडीला खुशाल डिस्क लावावी.