बरे झाल्यावर पुढे काय?

बगदाद, दमास्कस, कैरो इथल्या जुन्या रुग्णालयांचा विषय निघाला की आपण अल-राझी आणि इब्न सिना यांची नावे अभिमानाने घेतो. ते योग्यच आहे. पण उपचार संपल्यावर रुग्णाचे काय होत असे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. आज ज्याला पुनर्वसन म्हणतात, त्याचा विचार तेव्हा झाला होता का?

झाला होता. उमय्या खलीफा वलीद बिन अब्दुल मलिक याने इ.स. ७०७ च्या सुमारास दमास्कसमध्ये केलेली व्यवस्था तबरी यांच्या इतिहासात नोंदलेली आहे. त्याने कुष्ठरुग्णांना वेतन बांधून दिले आणि 'लोकांपुढे हात पसरू नका' असे बजावले. चालता न येणाऱ्या प्रत्येकाला एक सेवक दिला, प्रत्येक अंधाला हात धरून नेणारा सोबती दिला. गेलेली दृष्टी परत येणार नव्हती, हे त्यालाही माहीत होते. तरी त्या माणसाला बाजारात, मशिदीत, लोकांत जाता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

पुढे नवव्या शतकात अहमद बिन तूलून याने इजिप्तमध्ये रुग्णालय बांधले. रुग्ण दाखल झाला की त्याचे कपडे आणि पैसे विश्वासू माणसाकडे जमा होत. त्याला रुग्णालयाचे कपडे मिळत. तो एक कोंबडी आणि एक रोटी खाऊ शकला, की बरा झाला असे समजत. मग त्याची ठेव परत करून त्याला निरोप देत. मकरीझी यांनी लिहिलेला हा तपशील छोटा आहे, पण बोलका आहे. ताप उतरला एवढ्यावर सुट्टी नव्हती. अंगात ताकद आली का, हे पाहिले जात होते.

मम्लुक सुलतान कलावून सुलतान होण्यापूर्वी दमास्कसमध्ये आजारी पडला होता. तिथल्या नूरी रुग्णालयाच्या औषधांनी तो बरा झाला, तेव्हा त्याने नवस केला. सुलतान झाल्यावर १२८४-८५ मध्ये त्याने कैरोत मन्सूरी रुग्णालय उभारले. गरीब-श्रीमंत, स्वतंत्र-गुलाम, स्त्री-पुरुष सगळ्यांना ते खुले होते. खर्च वक्फच्या उत्पन्नातून चाले. घरी पडून असलेल्या गरिबांनाही औषधे पोहोचत. बरा होऊन जाणाऱ्याला कपडे देत. जो दगावला, त्याच्या कफन-दफनाची सोय होती.

इतिहास पूर्ण सांगायचा तर दुसरी बाजूही सांगावी लागेल. हेच रुग्णालय बांधताना लोकांना वेठीला धरले गेले. त्यामुळे काही धार्मिक मंडळी त्या संकुलात नमाज पढायलाही तयार नव्हती. म्हणजे तो काळ काही आदर्श नव्हता. पण रुग्णालयाच्या दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर त्या काळाने वक्फच्या रूपात दिले होते.

आपण काय उत्तर देतो? भिवंडी-मालेगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला लकवा होतो. वर्गणी गोळा होते, तो वाचतो, घरी येतो. खरी लढाई तिथून सुरू होते. रोजचा व्यायाम, तो करून घेणारा फिजिओथेरपिस्ट, काठी किंवा व्हीलचेअर, आणि मागावर उभे राहता येत नसेल तर बसून करता येईल असे काम. यासाठी वर्गणी निघत नाही. मग घरातला शिकणारा मुलगा शाळा सोडतो. आम्हा शिक्षकांना हे फक्त हजेरीपटावर दिसते.

रमजानमध्ये मोहल्ल्यामोहल्ल्यात राशनचे किट वाटले जातात. ते वाटलेच पाहिजेत. पण जकात काढताना प्रत्येक मोहल्ल्याने असे एक घर निवडावे आणि किमान सहा महिने त्याच्या मागे उभे राहावे. त्या माणसाला चालवावे, कामाला लावावे, मुलाला शाळेत टिकवावे.

कलावूनचे नाव अभिमानाने घ्यायचे असेल, तर एवढे तरी आपल्याला करता आले पाहिजे.