कुळाची अट आणि रुग्णाची खाट



धर्मयुद्धांचा धडा मी वर्गात पुष्कळ वर्षे शिकवला. जेरुसलेमला यात्रेकरूंची शुश्रूषा करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांचा उल्लेख त्यात ओझरताच येई. पोपने त्यांच्या संघाला १११३ साली मान्यता दिली होती. निवृत्तीनंतर सवडीने वाचताना त्यांची जर्मनीतली ब्रांडेनबुर्ग शाखा भेटली आणि मनात घर करून बसली.

या शाखेने १३८२ मध्येच आपला प्रमुख आपण निवडण्याचा हक्क मिळवला होता. तो पुढे उपयोगी पडला. १५३८ च्या सुमारास तिचे बहुतेक सरदार ल्यूथरपंथी झाले, पण संघ काही मोडला नाही. प्रॉटेस्टंट सरदार लग्ने करू लागले, मात्र उच्च कुळाची अट कायम राहिली. संघाच्या जमिनी म्हणजे उमराव घराण्यांतल्या मुलांची सोयच झाली!

मग नेपोलियनकडून हरलेल्या प्रशियाला पैशांची निकड भासली. राजाने १८११ मध्ये या जमिनी ताब्यात घेतल्या आणि पुढच्याच वर्षी संघाचे रूपांतर नुसत्या मानचिन्हात केले. १८५२ मध्ये चौथ्या फ्रेडरिक विल्यमने संघ पुन्हा उभा केला, तेव्हा जुन्यांपैकी आठच सरदार हयात होते. जुन्या जमिनी आता नव्हत्या. उरले होते ते मूळचे काम, रुग्णसेवा. संघाने इस्पितळे काढली, लढायांतल्या जखमींची शुश्रूषा केली.

माझे मन अडखळते ते यापुढे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेने जन्मावरून मिळणारे विशेषाधिकार रद्द केले. ‘फॉन’ हा केवळ आडनावाचा भाग उरला. तरीही संघाने कुळाची अट सोडली ती १९४८ मध्ये, म्हणजे देशाच्या कायद्यानंतर २९ वर्षांनी! तोवर दुसरे महायुद्ध होऊन गेले होते, आणि संघाचे जुने पीठ झोनेनबुर्ग पोलंडमध्ये गेले होते.

१९५२ मध्ये या संघाने अपघातग्रस्तांसाठी मदतसेवा सुरू केली. तिच्या रुग्णवाहिका आज जर्मनीभर धावतात. १९९९ मध्ये निवडलेला प्रमुख मात्र पुन्हा होहेनझोलर्न या जुन्या राजघराण्यातलाच!

खाटेवरच्या रुग्णाला शुश्रूषा करणाऱ्याचे कूळ विचारावेसे वाटत नाही. सेवा करणाऱ्यांना मात्र ते विचारणे सोडायला शतके लागली. आपल्याकडेही जन्मावरून माणूस जोखण्याची सवय कायद्याने एका दिवसात गेली नाही, हे काय मी तुम्हाला सांगावे?