चांदीपुरा: विषाणू सापडला, पण आजार कोणता?

"तुमच्या नमुन्यात जंतू सापडला, म्हणजे आजार त्यानेच झाला का?" पेटची मुलाखत असो की आरएसीसमोरचं सादरीकरण, जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उत्तरासाठी लांब जायला नको, आपल्या नागपूरचंच उदाहरण आहे.

1965 साली नागपुरात तापाची मोठी साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (आजची एनआयव्ही) रक्ताचे नमुने तपासले. साथ मुख्यतः चिकुनगुनिया आणि डेंगीची निघाली, पण दोन रुग्णांच्या रक्तात तिसराच विषाणू होता. भट आणि रॉड्रिग्ज यांनी 1967 मध्ये तो 'चांदीपुरा' या नावाने प्रसिद्ध केला. नाव इथल्या वस्तीचं, कूळ रेबीजचं. पुढे तो औरंगाबादच्या सँडफ्लायमध्ये, म्हणजे वाळूमाशीतही मिळाला.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. देशातल्या ठिकठिकाणच्या लोकांचं रक्त तपासलं तेव्हा अनेकांच्या अंगात या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी आधीपासूनच होत्या. विषाणू कितीतरी जणांना चाटून गेला होता आणि कोणाला पत्ताही नव्हता. त्यामुळे बरीच वर्षं त्याला कोणी फार गंभीरपणे घेतलं नाही.

मग 2003 चा पावसाळा आला. जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात मुलं पटापट दगावू लागली. ताप, उलट्या, झटके, बेशुद्धी, आणि अनेकदा एक-दोन दिवसांत सगळं संपलेलं. 329 मुलांपैकी 183 गेली. एनआयव्हीच्या बी. एल. राव आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की हा चांदीपुरा विषाणूचा मेंदूज्वर आहे. त्यांच्याकडे वेगळा काढलेला विषाणू होता, त्याचा आरएनए होता, ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडीही होत्या.

हैदराबादचे बालरोगतज्ज्ञ पी. एन. राव आणि सहकाऱ्यांना ते पटलं नाही. मेंदूज्वरात मणक्यातल्या पाण्यात पेशी वाढलेल्या दिसायला हव्यात, इथे बहुतेकांत त्या वाढलेल्या नव्हत्या. स्कॅनमध्ये दिसत होता तो मेंदूच्या रक्तवाहिनीचा बिघाड, पक्षाघातात दिसतो तसा. त्यांनी नाव दिलं 'एपिडेमिक ब्रेन अटॅक', आणि विचारलं की सगळ्या मुलांत विषाणू मिळत नाही, तर त्याला दोषी कसं ठरवता?

(जाता जाता: दोन्ही पेपरांचे पहिले लेखक राव, दोन्ही 2004 चे. नुसतं 'राव आणि इतर, 2004' लिहिलं की नेमकी विरुद्ध बाजू उद्धृत होऊ शकते. माझ्या एका मसुद्यात झालं होतं.)

वाद फक्त नावाचा नव्हता. या विषाणूवर खास औषध नाही. तो कारण नसेल तर वाळूमाशीसाठी केलेली फवारणी वाया. रक्तवाहिनीचा बिघाड असेल तर पहिल्या काही तासांतले उपचार वेगळे, आणि मुलाच्या हातात तेवढेच तास असतात.

अमेरिकेतल्या लाइम आजाराचा वाद या जातीचाच, फक्त उलट्या टोकाने सुरू झालेला. गोचिडीच्या चाव्यातून येणारा जिवाणू 1982 मध्ये सापडला, त्यावर वाद नाही. पण उपचारांनंतरही काही जणांना महिनोन्‌महिने थकवा आणि दुखणं राहतं. काही डॉक्टर त्याला 'क्रॉनिक लाइम' म्हणून लांबलचक अँटिबायोटिक देतात. क्लेम्पनर यांच्या 2001 च्या चाचणीत 90 दिवसांची औषधं आणि प्लॅसिबो यांत फरक दिसला नाही. रुग्णांचा त्रास मात्र खरा होता. अँटिबॉडी वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी जंतू आज अंगात आहे की नाही हे तिथेही कळत नाही.

परत विदर्भात येऊ. 2007 मध्ये नागपूर विभागात अशा 78 मुलांची नोंद झाली, मृत्युदर 43.6 टक्के. चांदीपुरा पक्का झाला 39 जणांत, बरोबर निम्म्या. माझं मत विचाराल तर हा विषाणू मुलांचा जीव घेतो याबद्दल मला शंका नाही, पुरावा एकाच साथीपुरता राहिलेला नाही. पण हैदराबादच्या डॉक्टरांचा प्रश्न उरलेल्या निम्म्यांबाबत अजून लागू पडतो. मूल फार लवकर जातं, नमुना उशिरा किंवा अपुरा मिळतो, ही अडचण आहेच. तरी 'नमुना हुकला असेल' हे कारण आहे, पुरावा नाही.

2024 मध्ये गुजरातेत पुन्हा तेच. 15 ऑगस्टपर्यंत देशभरात तीव्र मेंदूज्वराच्या लक्षणांचे 245 रुग्ण, 82 मृत्यू, आणि चांदीपुरा पक्का झालेले 64. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये 'चांदीपुरामुळे 82 मृत्यू' असं वाक्य असेल तर ते आजच खोडा.