शहर, उपनगरे आणि सामाईक भार: प्रस्तावना

डबघाईला आलेले शहर आणि त्याभोवतीच्या नगरपालिका यांच्या एकत्रीकरणाचा विषय वरवर रुक्ष वाटतो. हद्दी, कर, अधिकार ही सगळी अधिकाऱ्यांची भाषा. पण पुण्यात आसपासची गावे महापालिकेत घेण्यावरून झालेले वाद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यामागचा प्रश्न ओळखीचा वाटेल: शेजाऱ्यांनी एकमेकांचा भार किती उचलायचा? या अभ्यासाचा सारा जीव या प्रश्नात आहे.

वाचकांनी सुरुवात अमेरिकेतील सेंट लुईसपासून करावी. १८७६ साली हे शहर भरभराटीत होते. आजूबाजूच्या ग्रामीण काउंटीचा खर्च आपण का सोसावा, या विचाराने ते तिच्यापासून वेगळे झाले आणि त्याच्या हद्दी कायमच्या गोठल्या. पुढे वस्ती, उद्योग आणि करउत्पन्न हद्दीबाहेर सरकले. १९५० साली शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांवर होती. २०२० साली ती जेमतेम तीन लाख उरली. काउंटी मात्र दहा लाखांवर पोहोचली आणि तिच्यातच ऐंशीहून अधिक छोट्या नगरपालिका उभ्या राहिल्या. त्यांपैकी फर्ग्युसनमध्ये पोलीस व न्यायालय दंडवसुलीमागे कसे लागले होते, हे केंद्रीय न्याय विभागाच्या २०१५ च्या अहवालाने उघड केले.

एकत्र येण्याचे प्रयत्न १९२६, १९५९ आणि १९६२ साली मतदानात हरले. २०१९ ची योजना तर मतदानापूर्वीच मागे घेण्यात आली. उपनगरांना आपला कारभार हातचा जाण्याची धास्ती होती. शहरातील अनेक कृष्णवर्णीय नेत्यांना आपल्या समाजाचे राजकीय वजन घटण्याची. या दोन्ही भीती तुम्ही सारख्याच आस्थेने समजून घ्याव्यात. मात्र याच शहराने आणि काउंटीने सांडपाण्यासाठी १९५४ साली संयुक्त यंत्रणा उभारली, हेही नजरेआड करू नये.

इतरत्र एकत्रीकरण झाले, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या वाटेने. नॅशव्हिलमध्ये मतदारांनी १९५८ साली नाकारलेली कल्पना १९६२ साली स्वीकारली. इंडियानापोलिसमध्ये १९७० पासूनची व्यवस्था राज्याच्या विधिमंडळाने जनमत न घेता आणली आणि शाळा तिच्याबाहेर ठेवल्या.

विद्वानांतही एकमत नाही. आपल्या पसंतीच्या सेवा आणि कर असलेली नगरपालिका नागरिक निवडू शकतात, अशी मांडणी चार्ल्स टीबू यांनी १९५६ साली केली. लहान पोलीस दलेही मोठ्यांच्या तोडीचे काम करतात, असे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अभ्यासात आढळले. याउलट, ज्या शहरांना हद्दी वाढवता येत नाहीत त्यांत दारिद्र्य आणि वांशिक विभागणी साचत जाते, असे डेव्हिड रस्क यांनी १९९३ साली दाखवले.

म्हणून वाचकांनी ‘एकत्रीकरण चांगले की वाईट?’ असे विचारून थांबू नये. प्रत्येक शहराला चार प्रश्न विचारावेत: हद्द कोणी आखली? पैसा कुठून कुठे जातो? निर्णय कोणाच्या मताने झाला? आणि एकत्र येताना बाहेर काय ठेवले? माझ्या मते चौथा प्रश्न सर्वांत बोलका आहे. सांडपाणी वाटून घेणारे शेजारी शाळा मात्र का वाटून घेत नाहीत, याचा शोध तुम्ही घेऊ लागलात, की या क्षेत्रात तुमचा प्रवेश झाला असे समजा.